न पुसलेलं झाड

मुदखेडच्या रेल्वे क्वार्टरात आमची सकाळ वासानं व्हायची. गावाच्या चहूबाजूंनी फुलांचे मळे होते. मोगरा, गुलाब, गलांडा, निशिगंध. पहाटेच्या गाडीनं नांदेडला जाणाऱ्या फुलांच्या पाट्या ओल्या फडक्यांखाली झाकून प्लॅटफॉर्मवर येऊन पडायच्या, आणि तो गार वास रूळ ओलांडून, इंजिनाच्या धुरातून वाट काढत आमच्या खिडकीशी यायचा. मी जागी व्हायच्या आधी माझं नाक जागं व्हायचं. मग आवाज सुरू व्हायचे. यार्डात डबे जोडताना होणारा दणका एका डब्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पुढच्यात लांबत जायचा, आणि भिंतीच्या अलीकडं आईची भाकरी थापणं चालू असायचं. दोन्ही आवाज माझ्या अर्धवट झोपेत एकमेकांत मिसळून जात. आई थापायची थांबली तर गाडीही थांबेल, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते रेल्वेत पेंटर होते. स्टेशनाच्या दोन्ही टोकांना पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत गावाचं नाव असतं, ती अक्षरं आमच्या भागात बरीचशी दादांच्या हातची. फाटकांचे पट्टे, खांबांवरचे आकडे, पाण्याच्या टाकीवरची नावं, सगळं तेच रंगवायचे. आठवड्यातले बरेच दिवस ते बाहेर असत, कधी पूर्णेला, कधी त्याच्याही पुढं. घरी आले की त्यांच्या अंगाला टर्पेंटाइनचा वास असायचा आणि नखांच्या कडेला पिवळी रेघ. ती रेघ जेवतानाही जायची नाही. येसराच्या आमटीत भाकरी कुस्करणारी ती पिवळ्या कडांची बोटं मला आजही समोर दिसतात. त्यांचा चेहरा आठवायला मात्र मला फोटोकडं बघावं लागतं.

काम करताना दादा एक अक्षर काढत, मग मागं सरत, एक डोळा मिटून बघत. मनाला पटलं नाही की स्वतःशीच म्हणत, "पूस." आणि रॉकेलच्या फडक्यानं ते अक्षर पुसून टाकत. रागानं नाही, हळहळूनही नाही. दुसऱ्या कोणाला तरी पाणी मागावं तसं म्हणत. संध्याकाळी घरी असले की मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला, लताला, पाटीवर अक्षरं गिरवायला बसवायचे. ळ चं पोट बिघडलं, श चा काना झुकला, की तेच. "पूस." आम्ही थुंकी लावून पुसायचो. दादांनी आम्हाला कधी हात लावला नाही, आवाज चढवला नाही. क्वार्टरातल्या इतर घरांतून काय काय ऐकू यायचं ते आठवलं की वाटतं, आमचं घर फार शांत होतं. त्या शांततेत तो एक शब्द स्वच्छ ऐकू यायचा.

मी चित्रं कधी काढायला लागले ते सांगता येणार नाही. जुन्या वेळापत्रकांच्या कोऱ्या पाठींवर, क्वार्टराच्या मागच्या ओट्यावर बसून, पेन्सिलीच्या तुकड्यानं काढायचे. शेळी, हातपंप, फुलांच्या पाट्या उतरवणाऱ्या बाया. एकदा शेळीचा मागचा पाय काढत होते. पाय जमत होता. त्या पायात चालण्याआधीचा थोडासा वाक आला होता, आणि मला इतका आनंद झाला की मी श्वास धरून बसले होते. तेवढ्यात माझ्या कानामागं कोणीतरी म्हणालं, "पूस." मी वळून बघितलं. कोणी नव्हतं. दादा तेव्हा ड्यूटीवर होते, आई विहिरीवर. मी पाय पुसला. पुन्हा काढला, पुन्हा पुसला. शेवटी कागदाला भोक पडलं आणि शेळी तीन पायांवरच राहिली.

त्यानंतर तो आवाज माझ्यातच राहायला आला. मी तो कोणाला सांगितला नाही. मला वाटायचं, चित्र काढणाऱ्या सगळ्यांनाच तो ऐकू येत असेल, आणि जे चांगली चित्रं काढतात त्यांना तो जास्त मोठ्यानं येत असेल.

चित्रकलेचा शिक्षक होण्याचा कोर्स लातूरला होता. दादांनी फारसं काही न बोलता मला तिथं पोचवलं, कारण त्यांची थोरली बहीण, गया आत्या, लातूरला राहायची. गंजगोलाईच्या मागच्या अंगाला, एका बोळात तिचं दोन खोल्यांचं घर. आत्याचे मालक डाळीच्या मिलमध्ये कामाला होते. ते संध्याकाळी डाळीच्या पिवळ्या भुकटीनं माखून यायचे, आंघोळ करायचे आणि रेडिओला कान लावून बसायचे. त्यांना बोलायची गरज नव्हती. घरात बोलणं भरपूर होतं, ते सगळं आत्या करायची.

आत्याच्या बोलण्याला सुरुवात नव्हती आणि शेवट नव्हता. सकाळी सुसल्यासाठी चुरमुरे भिजवताना ती शेजारच्या काशीबाईच्या सुनेबद्दल बोलत असायची, दुपारी धुणं वाळत घालताना त्याच सुनेच्या माहेरी पोचलेली असायची, आणि रात्री अंथरूण घालताना त्या माहेराच्या शेजारच्या म्हशीबद्दल काही सांगत असायची. आमच्या मुदखेडच्या शांत घरातून आलेली मी पहिले काही दिवस बधिर झाले. नंतर सवय झाली. ओढ्याकाठी राहणाऱ्याला पाण्याची होते तशी.

वर्गात मात्र माझं काही चालेना. समोर मडकं ठेवलेलं असायचं, एक मडकं आणि त्याच्याखाली दुमडलेलं कापड. बाकीची मुलं भराभरा काढून मोकळी व्हायची, काहींची मडकी तर लंगडी असायची, आणि तरी ती खुशाल खाली सही ठोकायची. माझ्या कागदावर रबराचा चुरा साचायचा. मी रेघ ओढायचे, आवाज यायचा, मी पुसायचे. तास संपताना माझा कागद राखाडी झालेला असायचा, आणि त्यावर मडक्याऐवजी मडक्याचा डाग असायचा. तो मी घरी नेऊन चुलीत घालायचे. आमचे सर भले होते. एकदा मला बाजूला बोलावून म्हणाले, "कागद तर दे, बाई. वाईट कागदाला मी मार्क देऊ शकतो. कोऱ्याला काय देऊ?" मी मान हलवली. उन्हाळा लागला तेव्हा त्यांनी सांगितलं की सुट्टीनंतर राहिलेले सगळे कागद आणून दिले नाहीत, तर परीक्षेला बसता येणार नाही.

मी मनाशी ठरवलं होतं की परत यायचंच नाही. सुट्टीत मुदखेडला जायचं आणि तिथंच राहायचं. दादा विचारणार नाहीत, आणि विचारलं तर मला जमत नाही म्हणून सांगायचं. ते खोटं नव्हतंच. हे ठरवल्यावर मला फार हलकं वाटलं होतं. त्या दिवसांतल्या लातूरच्या दुपारी मला स्वप्नासारख्या आठवतात. बोळात चिटपाखरू नाही, मिलची घरघर लांबून येतेय, पत्र्यावरून ऊन वितळल्यासारखं ओघळतंय, आणि मी फरशीवर गाल टेकून पडलेली. आयुष्यात पुन्हा कधी पेन्सिल हातात घ्यायची नाही या विचारानं तृप्त, आणि डोळ्यांतून पाणी.

तेवढ्यात आत्याच्या सासरच्या गावाहून माणसं आली. शिरूर अनंतपाळच्या अलीकडं ते गाव. तिथं आमच्या लोकांनी नवं विहार बांधलं होतं. वैशाखी पौर्णिमेला त्यात बुद्धाची मूर्ती बसवायची होती, आणि मूर्तीमागची भिंत कोरी होती. त्या भिंतीवर पिंपळाचं झाड हवं, असं सगळ्यांचं मत पडलं. रंगवणाऱ्याला बाहेरून आणायचं तर परवडत नाही, आणि गयाबाईची भाची तर चित्रकलेचंच शिकायली. आत्यानं मला न विचारताच हो म्हणून टाकलं. चहा देता देता म्हणाली, "काढंल की. तिचा बाप अख्ख्या रेल्वेच्या पाट्या रंगवतो." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण ती माणसं माझ्याकडं इतक्या आदरानं बघत होती की मी नुसत्या बश्या पुढं केल्या.

आत्या आणि मी एसटीनं त्या गावी गेलो. आत्याच्या दिराच्या घरी उतरलो. विहार गावाच्या कडेला, मोठ्या चिंचेजवळ होतं. जाड दगडी भिंती, उंच लहान खिडक्या. बाहेर ऊन रणरणत असताना आत माठात उतरल्यासारखं गार वाटायचं. नव्या चुन्याचा वास होता. आणि समोर ती भिंत. मी आजवर जेवढे कागद फाडले होते ते सगळे एकमेकांना जोडले तरी तिच्याएवढे झाले नसते.

पहिल्या दिवशी मी कोळशानं बुंधा काढला. मागं सरले. एक डोळा मिटला. आवाज आला. मी ओल्या फडक्यानं पुसलं. चुन्यावरचा कोळसा पुसला जात नाही, पसरतो. संध्याकाळपर्यंत भिंतीचा मधला भाग ढग आल्यासारखा काळवंडला. गावातल्या पोरांनी काही न बोलता दुसऱ्या दिवशी पुन्हा चुना मारला. मी पुन्हा काढलं. पुन्हा तेच झालं. पुन्हा चुना. आत्याचा दीर जेवताना सावकाश म्हणाला की चुना आहे अजून, काही फिकीर करू नका. त्याचा तो चांगुलपणा मला झेपत नव्हता. मी ताट सारून उठले. मनात आलं, उद्या सकाळच्या गाडीनं लातूर गाठायचं, तिथून कुठली तरी गाडी, आणि मग मुदखेड.

पण सकाळी उठून विहारात आले तर आत बाया. आत्याला गोधडी शिवायची होती. दिराच्या घरी लग्नाला आलेली मुलगी होती, तिच्यासाठी. गोधडी पसरायला ऐसपैस आणि गार जागा गावात एकच होती, म्हणून ती गावातल्या बायांना घेऊन विहारात येऊन बसली होती. जुन्या लुगड्यांचे थर भिंतीपासून हातभर अंतर सोडून जमिनीवर अंथरलेले, चारी बाजूंनी बाया सुया घेऊन बसलेल्या, आणि मध्यभागी आत्या बोलत असलेली. भिंत आणि गोधडी यांच्यामध्ये मला उभं राहायला जेमतेम एक पट्टी उरली होती.

मी म्हटलं, "आत्या, मला मागं सरायला जागा लागती. चित्र लांबून बघावं लागतं."

"मागं कामून सरायली? पुढं काढायचंय ना तुला?" आत्या सुईत दोरा ओवत म्हणाली. "आता टाके घातलेत, उचलता येत न्हाई. तू तुझं पान बिन काढ तवर. झाड बघू मागून."

यात तिचा काही डाव नव्हता. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नंतर ही गोष्ट मी कोणालाही सांगितली की लोक म्हणतात, आत्या किती शहाणी. आत्याला माझ्या कानातल्या आवाजाबद्दल काही माहीत नव्हतं. तिला गोधडी उरकायची होती, एवढंच.

रंगाचा डबा उघडला. हिरवी भुकटी सरसाच्या पाण्यात कालवली. बुंधा नाही, फांदी नाही, डाव्या हाताला डोळ्यासमोर जी जागा आली तिथं एक पान काढलं. पिंपळाचं पान, खाली निमुळतं होत लांब टोक. आवाज येईल म्हणून थांबले. मागं आत्या सांगत होती की काशीबाईची सून माहेरी गेली ती अजून आली न्हाई, आणि तिच्या नवऱ्यानं न्यायला जायचं तर बैल आजारी, आणि बैलाला औशाच्या डॉक्टरला दाखवायचं तर डॉक्टर लग्नाला गेलेला. बाया हसत होत्या. तेवढ्यात एकीला वेगळा काही डॉक्टर आठवला. आवाज आला असेलही. त्या गलक्यात मला तो ऐकू आला नाही. मी दुसरं पान काढलं.

त्या दिवसांचं मला नीट काही सांगता येत नाही. सलग असं काही आठवत नाही. सुई कापडातून जाताना होणारा बारीक कुरकुर आवाज आठवतो. सरसाचा उग्र वास, आणि दुपारी कोणीतरी आणलेल्या धपाट्यांचा लसणाचा वास. उंच खिडकीतून पडलेला उन्हाचा चौकोन भिंतीवरून सरकत माझ्या हातापर्यंत यायचा, हातावरून पानांवर जायचा, आणि मग वर निघून जायचा. मी त्याच्या मागं मागं पानं काढत जायचे. मागं सरता येत नव्हतं, म्हणून एका वेळी मला माझ्या वीतभर समोरचंच दिसायचं. काढलेलं पान मी बघत नव्हते, पुढच्याची जागा शोधत होते. पानांना देठ हवेत म्हणून डहाळ्या आल्या, डहाळ्यांना धरायला फांद्या आल्या. बुंधा सगळ्यात शेवटी आला. कधी वाटायचं मी काढतच नाहीये, भिंतीच्या आत काहीतरी आहे आणि मी नुसता चुना बाजूला करतेय. बाया बोलत होत्या, गात होत्या, मध्येच सगळ्या एकदम गप्प व्हायच्या आणि फक्त सुया चालायच्या. त्या गप्प झाल्या की मी घाबरायचे. पण मग कोणीतरी खाकरायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं.

आता मी नांदेडला मुलाकडं राहते. गच्चीवरची एक खोली मला मिळालीय. गुडघे कुरकुर करतात, पण रोज वर जाते. कागद समोर घेतला की आजही पहिल्या रेघेला तो आवाज येतो. तेव्हा मी लताला फोन लावते, स्पीकरवर ठेवते आणि तिला बोलू देते. लता आता हुबेहूब आत्यासारखी बोलते. मी मधूनमधून हं म्हणते. तिला माहीत आहे की माझं लक्ष नाही. तरी ती बोलत राहते. सून एकदा विचारत होती, आई, तुम्ही दोघी रोज एवढं काय बोलता. मी म्हटलं, काहीच नाही.

गोधडी संपली तो दिवस. बायांनी कडा दुमडून शेवटचे टाके घातले, आत्यानं गोधडीच्या कोपऱ्याला तिकोनी तुकडा लावला, आणि सगळ्या मिळून ती गुंडाळून घेऊन गेल्या. विहार एकदम रिकामं झालं. माझ्यामागं जमीन मोकळी झाली. मला कळत होतं की आता मी वळणार, चार पावलं मागं जाणार आणि बघणार. थोडा वेळ मी भिंतीला कपाळ टेकून तशीच उभी राहिले. मग गेले.

झाड तिरकं झालं होतं. बुंधा उजवीकडं कललेला, वारा लागल्यासारखा. पानं एका बाजूला इतकी दाट की तिथं जवळजवळ अंधार, आणि दुसऱ्या बाजूला विरळ. आणि डावीकडची एक फांदी तर कोपरा ओलांडून शेजारच्या भिंतीवर गेली होती. मला ते काढताना कळलंच नव्हतं. मी एक डोळा मिटला नव्हता, तरी आवाज आला. इतक्या दिवसांचा साठून आला. पूस. चुन्याची बादली कोपऱ्यातच होती, तिच्यात कुंचा बुडवलेला. पौर्णिमेला अजून थोडा अवकाश होता. आत्ता चुना मारला, उद्या वाळला, तर नीट बुंध्यापासून सुरुवात करून नेमकं झाड काढता येईल. मी कुंचा उचलला. चुना माझ्या कोपरापर्यंत ओघळला, गार.

दारातून एक बाई आत आली. मला ती ओळखीची नव्हती. शेतातून आली असावी, कडेला लेकरू, डोक्यावर पदर घट्ट आवळलेला. तिनं मला बघितलं की नाही कोण जाणे. बाहेरच्या उन्हातून आत आलेल्या माणसाला काही क्षण काही दिसत नाही. ती भिंतीजवळ आली, वर पाहिलं, आणि जिथं पानं सगळ्यात दाट होती त्याच्या बरोबर खाली जाऊन बसली. विहार सगळं सारखंच गार होतं. बसायला कुठंही जागा होती. ती तिथं बसली, लेकराला मांडीवर घेतलं, पाजलं, मग पदर पसरून त्याला खाली निजवलं आणि त्याच्या बाजूला आपण आडवी झाली. लगेच झोपली. लेकरू जागं होतं. पाठीवर पडून वर पानांकडं बघत पाय हलवत होतं.

माझ्या हातातल्या कुंच्यातून चुना जमिनीवर टपकत होता. कुंचा मारला असता तर शिंतोडे त्या लेकरावर पडले असते. मी तो बादलीत ठेवला. मग काय करावं सुचेना, म्हणून त्यांच्यापासून थोडं अंतर सोडून मीही आडवी झाले. आडवं पडून बघितलं तर झाड तिरकं दिसत नव्हतं. पानं नुसती वर होती, पुष्कळ, आणि हलत असल्यासारखी. मला केव्हा झोप लागली कळलं नाही. उठले तेव्हा ती बाई लेकराला घेऊन निघून गेलेली होती, आणि मी चुन्याची बादली उचलून आत्याच्या दिराच्या घरी परत नेऊन दिली.

पौर्णिमेला दादा आले. त्यांना आत्यानं कळवलं होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत वहाणा, नखांच्या कडेला तीच पिवळी रेघ. विहाराच्या दारात लोकांना जयभीम घालत घालत ते आत आले आणि भिंतीसमोर उभे राहिले. लोक अजून जमत होते. मूर्तीसमोर फुलांचं ताट ठेवणं, मेणबत्त्या रचणं चाललं होतं. दादा मागं सरले. एक डोळा मिटला. मी त्यांच्या बाजूला उभी होते. मी मनात म्हणत होते, म्हणा. एकदा म्हणून टाका, म्हणजे संपेल.

त्यांची नजर बुंध्यावरून फांदीपर्यंत गेली. मग म्हणाले, "मी तुझं चित्र पहिल्यांदाच बघायलो."

मला काही समजेना. मी म्हटलं, "असं कसं दादा? तुमी तर रोज म्हणता की. पूस म्हणून."

"कुणाला?"

"मला. माझ्या चित्राला."

दादा माझ्याकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं, घाबरल्यासारखं. "तुझ्या चित्राबद्दल मी कवा काय बोललो, सुमन? तू मला दाखवलंसच कवा?" मग ते सावकाश म्हणाले, "अक्षराला म्हणलो असंन. अक्षराचं वेगळं हाय. अक्षर चुकलं तर माणूस भलत्याच ठेशनावर उतरंल. झाडाचं काय. झाड कुठं बी गेलं तर चालतंय."

 सगळी वर्षं माझ्यासमोरून गेली. ओटा, शेळी, लातूरच्या वर्गातले राखाडी कागद. कुठंच दादा नव्हते. मी प्रत्येक वेळी वळून बघितलं होतं आणि प्रत्येक वेळी मागं कोणी नव्हतं, हे मला माहीत होतं, आणि तरी मी तो आवाज त्यांचाच धरून चालले होते. तो कोणाचा होता ते मला अजूनही कळलेलं नाही. माझाच असेल. त्यानं फक्त दादांचा शब्द उचलला होता.

दादांना जे वाटत होतं ते त्यांना बोलता येत नव्हतं. ते जाऊन कोपऱ्यापाशी उभे राहिले, जिथं फांदी दुसऱ्या भिंतीवर गेली होती. बोटानं फांदी चाचपली. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "रंग हाय का थोडा?"

डब्याच्या तळाशी होता. मी पाणी घालून ढवळला आणि कुंचला त्यांच्या हातात दिला. आयुष्यभर सरळ रेघा ओढलेल्या त्या हातानं त्यांनी एक पान काढलं. पान जाड झालं, टोक वाकडं गेलं. दादांनी ते बघितलं, तोंड वाकडं केलं, आणि त्यांचा दुसरा हात आपोआप खांद्यावर गेला, जिथं कामाच्या वेळी त्यांचं फडकं असायचं. फडकं नव्हतं. त्यांनी शर्टाची बाहीच पुढं ओढली.

मी त्यांचं मनगट धरलं. "राहू द्या, दादा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. बाही सोडली. मग दोन्ही हात मागं बांधून, शाळेतल्या पोरासारखे, लोकांमध्ये जाऊन बसले.

लातूरला मी परत गेले. कागद दिले, वाईट होते, सरांनी मार्क दिले. पुढं मी कितीतरी वर्षं पोरांना चित्रकला शिकवली. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी वंदना सुरू झाली, बायांनी मेणबत्त्या पेटवल्या, आणि ज्योती हलतील तशी सगळी भिंत हलायला लागली. मी मागच्या रांगेत आत्याजवळ बसले होते. आत्या पहिल्यांदाच गप्प होती. मी कोपऱ्याकडं डोळे लावून दादांचं पान शोधत होते. जाड, वाकड्या टोकाचं. तिथंच कुठं तरी असणार होतं, पण त्या उजेडात सगळीच पानं जाड होती आणि सगळ्यांचीच टोकं वाकडी दिसत होती, आणि मला ते सापडलं नाही.